वावरातून बर्फात: गावच्या ग्रुपनं हिमालयातला ट्रेक कसा करायचा

आपल्याकडं काय होते, पोट्टे आधी रील पाहतात, मग ट्रेक ठरवतात, मग ॲडव्हान्स भरून मोकळे होतात अन मग कोणाच्या तरी बाबांच्या लक्षात येते का त्याच आठवड्यात तूर सोंगायची आहे. म्हणून आधी महिना धरा, ट्रेक मागून. मिरग लागला की पेरणी, मग डवरणी, निंदण, फवारणी, दसऱ्याच्या आगंमागं सोयाबीन, मग कापूस वेचणी, तूर, हरभरा, गहू... हे सगळं धरलं तर शेतकऱ्याच्या घरात मोकळा काळ उरतो तो एप्रिलच्या मधापासून मे संपेपर्यंत, त्यातही लग्नाच्या तारखा सोडून. आता त्या काळात हिमालयात काय उघडं असते ते पाहा. हिमाचलात पार्वती खोऱ्यातला सार पास (पास म्हणजे पहाडातली खिंड) मे महिन्यात चालू असतो, उत्तराखंडात सांकरीहून निघणारा हर की दून पण एप्रिल-मेमध्ये मस्त. केदारकांठा सगळ्यांनी ऐकला आहे पण त्याची खरी मजा डिसेंबर-जानेवारीच्या बर्फात, तेव्हा आपला कापूस उभा असतो, तो कॉलेजवाल्यांनी करावा, ते तसेही वावरात येत नाहीत. हामटा पास जूनच्या मधात कुठं उघडतो म्हणजे बरोबर पेरणीत, तो विसरा.

मी पुढं सगळं सार पास डोळ्यासमोर धरून सांगतो, बाकी ट्रेकला थोडंफार इकडंतिकडं. हा कसोलहून सुरू होतो, साधारण १५८० मीटर. तिथून ग्रहण गाव २३५० च्या आसपास, मग मिन थाच ३४०० च्या जवळ, नगारू ३८००, मग खुद्द पास ४२०० मीटरच्या थोडा वर, अन पलीकडून उतरून बिस्केरी थाच, खाली बरशैणीला रस्ता. आता आपलं पाहा, चिखलदऱ्याचं वैराट, म्हणजे विदर्भातलं सगळ्यात उंच टोक, ते पावणेबाराशे मीटरच्या आसपास. म्हणजे आपलं सगळं जिथं संपते त्याच्या चारशे मीटर वर तर आपण कसोलच्या रस्त्यावर चहा पीत उभे असतो, ट्रेक तिथून पुढं.

इथंच गावच्या ग्रुपची गडबड होते. आपल्या पोट्ट्यांना वाटते का आम्ही दिवसभर पाठीवर पंप घेऊन फवारणी करतो, पन्नास किलोचं पोतं उचलतो, आम्हाला काय चढ सांगता. ताकद आहे, नाही म्हणतच नाही, शहरातल्या जिमवाल्यापेक्षा जास्त आहे. पण चार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साठ टक्क्यांवर येतो, प्रत्येक श्वासात ऑक्सिजन तेवढाच कमी भेटतो, अन शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात, ताकद कितीही असो. उलट ज्याच्यात दम जास्त तो पहिल्या दिवशी पुढं पळतो, कॅम्पवर सगळ्यात आधी पोचतो, घामाच्या बनियनवर गार वाऱ्यात फोटो काढतो अन रात्री डोकं धरून बसतो. पंचावन्न वर्षांचे काका मागून काठी टेकत येतात अन दोन वाट्या डाळ-भात खाऊन झोपतात. हे प्रत्येक ग्रुपमध्ये पाहायला भेटते. आपल्याला चालता येते, सावकाश चालणं शिकायला लागते, अन पुढची सगळी तयारी त्याच्यासाठीच आहे.

डॉक्टरांचा ठोकताळा असा का तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त उंच नको, अन हजार मीटर चढलं की एक दिवस आराम. आता वरचे आकडे परत वाचा, ग्रहण ते मिन थाच एका दिवसात हजारेक मीटर. म्हणून काही ग्रुप मध्ये पदरीला मुक्काम करतात, काही थेट नेतात अन जाहिरातीत लिहितात का एक दिवस वाचतो. थेट नेणारा स्वस्त पडत असला तरी घेऊ नका. वायएचएआय म्हणजे युथ हॉस्टेल्स असोसिएशनचा मे महिन्यातला सार पासचा कॅम्प जुना आहे, तिथं कसोलच्या बेस कॅम्पवरच आधी सराव चालायला नेतात, सामान पाठीवर देऊन. पहिल्यांदा जाणाऱ्यानं असं काहीतरी पाहावं. अन स्वतःच्या भरवशावर, गाईड न घेता जाऊ हे डोक्यातून काढून टाका, बर्फात वाट दिसत नसते.

ग्रुप किती जणांचा? आठ ते बारा. त्याच्या वर गेलं का ती वरात होते. कोण घ्यायचं यावर मात्र गावातच भांडून घ्या, तिकडं नको. जो माणूस पचमढीच्या नागद्वार यात्रेत पण दुसऱ्याला मागं टाकून पुढं निघून जातो तो इथं नको. अन जो दुखणं लपवतो तो तर अजिबात नको. बीपी, शुगर, दमा, हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा, मेडिकल सर्टिफिकेट तर बहुतेक सगळीकडं मागतातच, पण ते ओळखीच्या डॉक्टरकडून चहा पिता पिता आणलेलं नको, खरंच तपासून.

यात एक गोष्ट खास आपल्या भागासाठी, अन ही पुण्या-मुंबईच्या माहितीत सहसा सापडत नाही. सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट सगळीकडं आहे अन बऱ्याच लोकांना आपण वाहक (स्वतःला आजार नाही, पण लेकरांना देऊ शकणारे) आहो हे माहितच नसते कारण त्रास काही होत नाही. सिकलसेलचा आजार असलेल्यानं एवढ्या उंचीवर जाऊ नये, सरळ. पण नुसता वाहक असलेल्यालाही ऑक्सिजन कमी झाला का प्लीहेला, म्हणजे डाव्या बरगडीखाली असते ती, रक्त पोचायचं थांबू शकते अन तिथं जोरात कळ येते. तर जायच्या आधी सगळ्यांनी तपासून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात रक्ताची साधी चाचणी होते, पॉझिटिव्ह आली का आजार आहे का नुसता वाहक हे सांगणारी पुढची चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस, करतात. वाहक निघाला तर डॉक्टरशी बोलून ठरवा, अन गेलाच तर लीडरला माहीत पाहिजे का याच्या डाव्या पोटात दुखलं म्हणजे गॅस समजायचं नाही, खाली न्यायचं.

बायाही येऊ द्या ग्रुपमध्ये, पायदळ वारीची सवय असलेल्या आपल्या मावश्या-वहिन्या कोणापेक्षा कमी चालत नाहीत. फक्त हिमोग्लोबिन तपासून घ्या, कमी असेल तर दोन महिने आधीपासून गोळ्या सुरू करता येतात. पॅड वगैरे पुरेसे घेऊन जा अन वापरलेले वेगळ्या पन्नीत बांधून परत आणा, तिकडं पुरू नका.

तयारीला दोन महिने द्या. म्हणजे मार्चपासून. उन्हामुळं पहाटे पाचच्या आत निघायला लागते, आठनंतर आपल्याकडं कोणी पळू नये. सुरुवात साध्या चालण्यानं, मग पाच किलोमीटर चाळीस मिनिटांत न थांबता इतपत आणा. पण सपाट रस्त्यावर कितीही पळा, मांडीला चढ-उतार माहीत होत नाही. गावात टेकडी नसेल तर धरणाची भिंत, शाळेच्या पायऱ्या, जे असेल ते, अन पिट्टूत, म्हणजे पाठीवरच्या बॅगेत, सात-आठ किलो तूर भरून. उतरायची सवय चढण्यापेक्षा जास्त करा, गुडघे उतारावरच जातात. मग दोन-तीन रविवार खरा पहाड: आम्ही परतवाड्याकडचे, आम्हाला गाविलगड जवळ, अकोटवाल्यांना नरनाळा, नागपूरवाल्यांना रामटेक. मेळघाटात आडवाटेनं घुसू नका, वनखात्याला विचारून, अस्वलं आहेत. अन सगळ्यात चांगली परीक्षा म्हणजे पचमढी. महाशिवरात्रीला त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारी अर्धी गर्दी आपल्याच भागातली असते, तेराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, जाऊन या. ग्रुपमध्ये कोण कसा वागतो हे तिथंच समजते, कोण थांबते, कोण चिडते, कोण पाणी वाटते.

बूट घ्यायचे ते महिनाभर आधी घ्या अन त्याच बुटात हा सगळा सराव करा, नवे बूट घालून ट्रेकला गेला तो ग्रहणपर्यंतच फोड घेऊन बसतो. एक नंबर मोठा घ्या, उतारावर बोटं पुढं ठेचतात. नेहमीचा पळायचा बूट बर्फात चालत नाही, खाली जाड दातांची ग्रिप पाहिजे.

कपड्यांचं एक गमतीचं आहे. आपण कापूस पिकवणारे अन पहाडात कापूसच चालत नाही. सुती बनियन घाम पिते अन ओलं राहते, वरून वारा लागला का अंगातली गरमी निघून जाते. जीन्स तर घेऊच नका. आत सिंथेटिक टीशर्ट, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचं स्वेटर, सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारं जॅकेट, असे थर, म्हणजे चढताना एक काढायचा अन थांबलं का लगेच घालायचा. आपल्या घरी असल्या थंडीचे कपडे नसतातच, एकदाच्या ट्रेकसाठी नवे विकत कशाला, जॅकेट, काठी, बर्फाचे गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधतात ते) बहुतेक बेसला भाड्यानं भेटतात. विकत घ्यायचे ते मोजे, थर्मल, कानटोपी, हातमोजे अन काळा चष्मा. चष्मा विसरू नका, ताज्या बर्फावरून ऊन परत फिरते अन डोळे भाजतात, संध्याकाळी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होते. दुपट्टा मात्र घ्या, आपला नेहमीचा, ऊन, वारा, नाक, मान, भांडं धरायला, सगळ्याला तोच. बॅगच्या आतून एक मोठी जाड पन्नी लावून त्यात कपडे भरा म्हणजे पाऊस आला तरी झोपायचे कपडे कोरडे. खताच्या-औषधाच्या पोत्याची पन्नी नको, नवीन घ्या.

तिकिटाचं आत्ताच पाहा. रेल्वेचं रिझर्व्हेशन आता साठच दिवस आधी उघडते, अन मे महिन्यात दिल्लीची गाडी म्हणजे सगळी सुट्टीची गर्दी. एका पीएनआरवर सहा जणच बसतात, तेव्हा दहा-बारा जणांचे दोन फॉर्म होतील, दोघांनी सोबत बसून काढा. नागपूरहून दिल्ली, मग काश्मिरी गेटवरून रात्रीची बस भुंतरपर्यंत, तिथून कसोल तीसेक किलोमीटर. येताना एक दिवस मोकळा ठेवा, पहाडात रस्ता बंद होणं नेहमीचं. अन एक, स्लीपरमध्ये मे महिन्यात जाताना जे लू लागून आजारी पडतात ते ट्रेकच करू शकत नाहीत, म्हणून गाडीत पाणी, ओआरएस, कांदा, कैरीचं पन्हं, अन बाहेरचं तेलकट अजिबात नको.

खायचं काय न्यायचं यावर घरच्या बाया तुम्हाला बंडीभर देतील. निवडून घ्या. गूळ-फल्ली, फुटाणे, तिळाचे नाहीतर डिंकाचे लाडू, जवसाची चटणी, खजूर. उंचीवर भूकच मरते, समोर चांगलं ताट असून घास जात नाही, तेव्हा जवसाची चटणी अन गुळाचा खडा कामी येतो. कॅम्पवर डाळ शिजत नाही म्हणून स्वयंपाक्यावर ओरडू नका, चार हजार मीटरवर पाणी ८६-८७ अंशालाच उकळते, कुकर नसला तर तुरीची डाळ दिवसभर ठेवली तरी कच्ची.

अन खर्रा. हे बोलायलाच पाहिजे. खर्रा, तंबाखू, बिडी, दारू, चारही घरी ठेवून या, अन निघायच्या दिवशी सोडू नका, महिनाभर आधी सोडा, नाहीतर नगारूला डोकं दुखते ते उंचीनं का खर्रा नसल्यानं हेच समजत नाही. दारूनं झोपेत श्वास आणखी हळू होते, जिथं आधीच हवा कमी तिथं. "थंडीत थोडी चालते" म्हणणाऱ्याला गावातच मागं ठेवा. खर्ऱ्याची पन्नी बर्फावर टाकलेली मी पाहिली आहे अन लाज वाटली, बाप्पा.

आता प्रत्यक्ष चालणं. सगळ्यात पुढं गाईड, त्याच्या मागं ग्रुपमधला सगळ्यात हळू चालणारा, जोरवाले मागं, अन सगळ्यात शेवटी एक शहाणा माणूस जो कोणाच्याच पुढं जाणार नाही. बंडीला एक बैल तेज अन एक सुस्त जुंपला का तेज बैलाच्याच मानेला जखम होते, तसं पुढं पळणाऱ्याचं होते. चालताना सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे, बोलताना धाप लागली म्हणजे वेग जास्त. दर थांब्याला माणसं मोजा, मोठ्यानं, नाव घेऊन. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, तहान नसली तरी, घोट घोट. खच्चर आले का पहाडाच्या बाजूला चिकटून उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही, खच्चराच्या पाठीवरचं ओझं धक्का देते. कॅम्पवर पोचलं का लगेच टेंटमध्ये आडवं व्हायचं नाही, चहा घ्या, ओले कपडे बदला, मग शे-दोनशे मीटर वर हळूहळू चालून परत खाली या. त्यानं सवय लवकर होते.

दोन-दोनच्या जोड्या लावा. रोज संध्याकाळी जोडीदारानं जोडीदाराला विचारायचं: डोकं दुखते का, मळमळ आहे का, जेवला का, चक्कर येते का, झोप लागली का. डोकेदुखी अन त्यासोबत यातलं एकही असेल तर तो उंचीचा त्रास समजायचा, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. त्यानं दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही, तिथंच आराम, कमी झालं तर पुढं, वाढलं तर खाली. डोकेदुखीची गोळी खाऊन, बरं वाटते म्हणून चढत राहणं हाच सगळ्यात मोठा धोका. आता दोन गोष्टी अशा आहेत का त्यात रात्र-दिवस पाहायचं नाही, लगेच खाली न्यायचं: एक, बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, छातीत घरघर, फेसाळ थुंकी, म्हणजे फुप्फुसात पाणी होऊन राहिलं आहे. दुसरं, माणूस बरळते, ओळख विसरते, दारू प्यायल्यासारखा चालते. याची परीक्षा सोपी, जमिनीवर सरळ रेघ धरून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायला लावा, झोल गेला तर मेंदूवर सूज. ऑक्सिजनचा सिलिंडर, इंजेक्शन ही वेळ काढायची सोय आहे, खरा इलाज उतरणं हाच. बुकिंग करतानाच विचारा का सिलिंडर, ऑक्सिमीटर अन आजारी माणसाला उतरवायचा माणूस सोबत आहे का. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी बरेच जण घेतात, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्याला चालत नाही, म्हणून मेडिकलवाल्याला न विचारता डॉक्टरला विचारून.

पासच्या दिवशी पहाटे तीन-चारला उठवतात तेव्हा सगळे कुरकुर करतात. कारण असं का सकाळी बर्फ कडक असते, पाय बसते, ऊन चढलं का भुसभुशीत होऊन मांडीपर्यंत आत जाते, अन दुपारनंतर पहाडात हवा फिरते. पुढच्यानं केलेल्या खड्ड्यातच पाय ठेवा, उतारावर टाच आधी रोवा. सार पासवरून बिस्केरीकडं बर्फावर बसून घसरत उतरतात, लय मजा येते, पण गाईडनं सांगितलेल्या पट्ट्यातूनच अन एकाच्या मागं एक, समोरचा उठून बाजूला झाल्यावर. गाईड म्हणाला आज पास नाही, तर नाही. पैसे भरले, एवढ्या दुरून आलो, हे त्याला सांगू नका. २०२४ च्या जूनमध्ये उत्तरकाशीच्या सहस्त्रताल ट्रेकवर २२ जणांचा ग्रुप, बहुतेक कर्नाटकातले, बर्फाच्या वादळात अडकला अन नऊ जण गेले. महिना तोच, जेव्हा आपल्याकडं कूलरसमोर झोपून लोक म्हणतात का उन्हाळ्यात कुठली आली थंडी.

रात्रीचं थोडक्यात. गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी, मोबाईल अन बॅटरी पण आतच, थंडीनं चार्जिंग उतरते. टेंटमध्ये स्टोव्ह, शेगडी काही पेटवायचं नाही, त्याचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही, अन झोपेतच मारतो. कचरा सगळा पिट्टूत परत.

घरी आधीच सांगून ठेवा का ग्रहणच्या वर फोन लागणार नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी आई अख्ख्या गल्लीला गोळा करते. बेस कॅम्पचा नंबर, रोजचा मुक्काम अन परत यायची तारीख एका कागदावर लिहून गावातल्या एका भरवशाच्या माणसाकडं द्या, सगळ्यांच्या घरच्यांनी त्यालाच विचारायचं. परत आल्यावर दोन-चार दिवस दुपारी वावरात जाऊ नका, बर्फातून थेट ४५ अंशात आल्यावर उन्हाची सवय थोडी मोडलेली असते अन ऊन लागते.

पैशाचा माणूस एकच ठेवा, तोही जो हिशोब लिहितो, अन बसचं जास्तीचं भाडं, भाड्याच्या जॅकेटचं डिपॉझिट, कोणी कोणाला दिलेले शंभर-दोनशे, हे सगळं परतीच्या गाडीतच मिटवा, इटारसी यायच्या आत. गावात उतरलं का पेरणीच्या नावाखाली पंधरा दिवस कोणी कोणाला सापडत नाही.